काचवाल्यांचा तळहात

वहिनींना पाठीच्या ऑपरेशननंतर कमरेखालचं काही कळेनासं झालं, तेव्हा त्यांच्या यजमानांनी, आमच्या शेजारच्या काचवाल्यांनी, आपलं काचेचं दुकान विकलं आणि भारी गाडी घ्यायचं ठरवलं. रस्ता बघून आपोआप मऊ-कडक होणाऱ्या सस्पेन्शनचे पाच लाख जास्त पडत होते. ते द्यावेत का, एवढंच ठरायचं होतं. सोबतीला त्यांनी मला नेलं.

आधी साधी गाडी फिरवली. मागे वहिनींशेजारी बसून काचवाल्यांनी विचारलं, "झटके बसतात का गं?"

"मला काय विचारताय? पायावरून रोडरोलर गेला तरी कळायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

टेम्पोतल्या उभ्या काचेला टेकवावा तसा काचवाल्यांनी तळहात वहिनींच्या खांद्याला टेकवला. प्रत्येक वळणावर वहिनी कलंडत आणि सगळा भार त्या हातावर येई.

मग सस्पेन्शनवाली गाडी त्याच रस्त्यावरून नेली. काचवाल्यांनी तळहात पुन्हा तसाच वहिनींच्या खांद्याला टेकवला.

"फरक जाणवला का, काका?" शोरूममधल्या मुलीने विचारलं.

"आम्हा दोघांना आता कशाचंच काही वाटत नाही," ते म्हणाले. "पण हातावर भार आला नाही. हीच लिहून घ्या."