वर्द्यांच्या गाठोड्यातला शर्ट

लाँड्रीवाल्या ताईला सगळी गल्ली जरा टरकूनच असे. कपड्यावरचा डाग आणि माणसाची थाप तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि जिभेचा चटका तर इस्त्रीहून जास्त. समोरच्या पोलीस ठाण्याच्या वर्द्याही तिच्याकडेच धुवायला येत.

तिचा धाकटा भाऊ चौकात उभा राहून बोलला, की कारखान्याचं घाण पाणी आपल्या नळाला येतंय. त्याच संध्याकाळी पोलिसांनी त्याला उचललं. ताई ठाण्यात गेली, तर साहेब म्हणाले, "इथे कोणी नाही. गेला असेल कुठे उंडारायला." रोज जावं आणि रोज हेच ऐकावं. नातेवाईक म्हणाले, गप्प बस, मोठ्यांच्या नादी लागू नकोस. तिने त्यांनाही फैलावर घेतलं.

मग नेहमीसारखं ठाण्यातून गाठोडं आलं. सोडून बघते तर वर्द्यांच्या मधोमध भावाचा निळा शर्ट! कॉलरवरचं रफू तिच्याच हातचं. कोणा आळशी हवालदाराने न बघताच कोंबला होता. बाहीवर रक्त होतं. ताईचं डोकं असं फिरलं की विचारू नका. शर्ट तिने धुतला नाही. तसाच घडी घालून वकीलबाईंकडे नेला.

"अटक केली तर चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करावंच लागतं," वकीलबाई म्हणाल्या. "नाही केलं तर आपण थेट वरच्या कोर्टात जायचं. माणूस हजर करा, असा हुकूम मागायचा. हक्क आहे तुमचा."

"मग बसलात काय? उठा!"

कोर्टात साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं, हा इसम आमच्या ताब्यात कधीच नव्हता. ताईला राहवेना.

"मग त्याचा शर्ट तुमच्या वर्द्यांत काय करत होता? एकटाच फिरायला आला होता?"

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. आजच्या आज त्याला इथे आणा, असा त्यांनी हुकूम दिला.

संध्याकाळी भाऊ लंगडत आला. ताईने त्याला घट्ट धरलं आणि ती भर कोर्टात रडली. न्यायाधीशांनी त्याची सुटका केली, मारहाणीची चौकशीही लावली. शेजारी उभा असलेला कोर्टाचा शिपाई कुजबुजला, "बाई, हात जोडा. दया केली कोर्टाने."

"दया कसली?" ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझा माणूस चोरला होता, तो परत मिळाला. हात जोडायला त्या चोराला सांगा!"