फेटे बांधून होईपर्यंत

कंपवात झालेल्या लोकांचा मेळावा हिंगोलीत भरला, तेव्हा रुग्णाचं मनोगत मी सांगावं असं ठरलं. कुरुंद्याहून बायकोला घेऊन मी गेलो ते तेवढ्यासाठीच. नाहीतर असल्या मेळाव्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे.

प्रमुख पाहुणा कोण, ते मला आधीच कळलं होतं. ज्या हळदीच्या व्यापाऱ्याचा ट्रक मी अर्धं आयुष्य चालवला, त्याने जेवण दिलं होतं, म्हणून मानाची खुर्ची त्याची. माझा हात स्टिअरिंगवर थरथरायला लागला, तेव्हा याच शेठने सगळ्या हमालांसमोर माझं तोंड हुंगलं होतं. वास आला नाही, तरी बेवडा म्हणून चावी काढून घेतली. दारूला मी कधी शिवलो नाही. रोगाचं नाव डॉक्टरने पुढे सांगितलं, पण तोवर गावाने मला बेवडा ठरवून टाकलं होतं. पोरीची जमलेली सोयरीक त्यावरून मोडली. मला शेठच्या तोंडावर, चारचौघांत, माईकवरून एवढंच सांगायचं होतं की मी पीत नव्हतो.

गोळी घेतली की काही वेळ माझं अंग मोकळं होतं. मग मी माणसासारखा चालतो, बोलतो. तिचा जोर उतरला की पाय जमिनीला चिकटतात आणि आवाज घशातच राहतो. त्या हिशेबाने मी गोळी घेतली. इथल्या लोकांना मात्र आधी फेटे बांधायचे होते.

मंचावरच्या एकेका डोक्याला फेटेवाला निवांत फेटा बांधत होता. मग शाल, नारळ, हार, फोटो. कुणाचं तरी नाव राहिलं म्हणून तो रुसला, त्याला वर आणून पुन्हा फेटा. खाली आम्हा हात थरथरणाऱ्यांना कागदी कपात काठोकाठ चहा वाटला गेला. अर्धा हॉल भिजला. ज्यांच्या नावाने हा सगळा तमाशा चालला होता, त्यांच्याकडे मंचावरचं एकही डोकं वळलं नाही. डॉक्टरसाहेब फेटा बांधून घेऊन बोलले, आणि दवाखान्यात पेशंट खोळंबलेत म्हणून निघून गेले.

माझं नाव पुकारलं तेव्हा गोळी पार उतरली होती. दुसरी घेतली होती, पण ती भिनायला वेळ लागतो. दोघांनी धरून मला वर नेलं. शेठने माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि माझ्यापुढचा माईक आपल्याकडे ओढला.

"हा माझा जुना ड्रायव्हर. दारूनं वाटोळं झालतं याचं. आता सुधारला, याचा मला अभिमान आहे."

हॉलने टाळ्या वाजवल्या. खोटं आहे, असं मी म्हणालो. माझं मलाच ऐकू आलं नाही.

बायको मात्र खुर्चीवरून उठली. चारचौघांत ती कधी तोंड उघडत नाही. "आमच्या ह्यांनी जल्मात दारूला हात लावला न्हाई. तुमी तोंड हुंगलं, तवाबी वास आला न्हाई. मंग काहून काढलं यांना?"

शेठ हसला. बायको असावी तर अशी, अजूनही झाकून घेते, असं म्हणून त्याने स्वतःच टाळ्या सुरू केल्या. तिलाही टाळ्या मिळाल्या. ती तशीच उभी राहिली.

माझ्या आत नुसता जाळ झाला होता. त्याची गचांडी धरावी, तो फेटा ओढून काढावा, असं वाटत होतं. पण या रोगात चेहराही आखडतो. राग असो की रडू, वर काही उमटत नाही. शेठने माझ्याकडे निरखून पाहिलं, पुन्हा माईक तोंडाशी घेतला.

"पाहा, कसा गप उभा आहे. खोटं असतं तर चिडला नसता का?"