काशीत सोडलेली शिगरेट

काशीला गेलं की एक आवडती वस्तू तिथं सोडून यायची, अशी आमच्याकडे रीत. सोडलेली वस्तू पुन्हा तोंडात घातली तर यात्रेचं सगळं पुण्य पाण्यात. वस्तू खरोखर आवडती असावी असा नियम आहे, पण माणसं नियमातून वाट काढतातच. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत आजवर बायकांनी कारलं सोडलं होतं, पडवळ सोडलं होतं. समोरच्या काकूंनी तर सफरचंद सोडलं होतं, जे त्यांच्या घरी कुणी आजारी पडल्याशिवाय येतच नसे. सत्तर सालानंतर दोन-तीन वर्षांनी माझी आई यात्रेच्या बसनं काशीला गेली, तेव्हा ती दोडका सोडून येईल असा माझा अंदाज होता.

ती परत आल्यावर आम्ही मावंदं घातलं. गंगेच्या गडूची पूजा झाली, गल्ली पंगतीला बसली. मी वरणाची बादली घेऊन फिरत होतो. काकूंनी पुरी मोडता मोडता विचारलं, "मंग काय सोडलं वं बाई काशीले?"

"याची शिगरेट," आई म्हणाली आणि हातातली पळी माझ्याकडे रोखली.

पंगत थांबली. मी म्हणालो, "माझी सिगारेट तू कशी सोडशील?"

"कशी म्हंजे? पंड्यानं विचारलं, माताजी, क्या छोडती हो? मी म्हटलं, बेटे की शिगरेट. त्यानं मंत्र म्हटला, मी पाणी सोडलं. झालं."

मी तेव्हा सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात होतो. गठ्ठ्यांजवळ काडी ओढायची बंदी, म्हणून दर थोड्या वेळानं रस्ता ओलांडून समोरच्या पानठेल्यावर जायचं, हा माझा दिवसभराचा व्यायाम. सकाळी गल्ली माझ्या खोकल्यानं उठायची. आईनं ओरडून पाहिलं होतं, बायकोनं अबोला धरून पाहिला होता, डॉक्टरांनी छातीला नळी लावून मान हलवून पाहिली होती. मी मात्र ढिम्म. सांगेल त्याच्याशी मी वाद घालायचो आणि वाद संपला की एक सिगारेट ओढायचो. पण गंगेशी वाद कसा घालणार?

पंगतीत आमचे गुरुजी होते. मी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं. म्हटलं, दुसऱ्याची वस्तू आपण सोडायची हे शास्त्रात बसतं का? उद्या मी शेजाऱ्याची सायकल सोडून येईन! गुरुजींनी जिलबीचा तुकडा संपवला आणि निकाल दिला, "संकल्प झाला तो झाला. तू मोकळा आहेस. ओढलीस तर तुला काही होणार नाही."

"बघा!" मी म्हणालो.

"दोष तुझ्या आईला लागेल. काशी फुकट जाईल तिची."

आईचा चेहरा पडला. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. वडील गेल्यापासून ती काशी काशी करत होती, जन्मात एकदाच ती तिला घडली होती, आणि आता ती सगळी काशी माझ्या ओठांवर येऊन बसली होती. मला तिचा असा राग आला की काय सांगू. दोडका का नाही सोडला हिनं?

त्या दिवसापासून गल्ली माझ्या मागे लागली. दुसऱ्या दिवशी कामावर पोचायच्या आधी बातमी सीताबर्डीवर पोचली होती. मी ठेल्यावर हात पुढे केला तर ठेलेवाला दोन पावलं मागं सरकला.

"मले माफ करा भाऊ. तुमच्या मायची काशी माह्या ठेल्यावर नका बुडवू."

"तू कधीपासून एवढा धार्मिक झाला?"

"धार्मिक नाही जी. पण हे पाप मले झेपणार नाही. विडा लावून देऊ का?"

बायकोनं माझ्या खिशात बडीशेप आणि फुटाणे भरले. फुटाण्यांनी तोंड हलतं राहतं, पण धूर निघत नाही, आणि माणसाला हवा असतो धूर. माझं डोकं भडकलेलं असे. एका गिऱ्हाइकानं कापडाचं पाचवं थान उलगडायला लावलं तर मी त्याला म्हणालो, तुम्हाला शर्ट शिवायचा आहे की मांडव घालायचा आहे? मालकांनी मला आत बोलावलं. रागावले नाहीत, माठातलं पाणी दिलं आणि म्हणाले, "धीर धरा, आमची बायको पण विचारून राहिली होती, कसं चाललं म्हणून." मालकांच्या बायकोला मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझी सिगारेट आता सार्वजनिक मालमत्ता झाली होती.

आई मात्र एका शब्दानं विचारत नसे. मी घरी आलो की माझ्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. तिला विचारायची भीती वाटत होती. ते मला सगळ्यात जड जायचं.

शेवटी एका सुटीच्या दिवशी मी ठरवलं, बस्स. ओळखीचं कुत्रंही नसेल अशा जागी जाऊन एकच ओढायची. काशीला कळणार नाही, आईला तर नाहीच. कामठीची बस पकडली. स्टँडवर उतरलो, एका अनोळखी ठेल्यावर एक सिगारेट घेतली, ओठात धरली. काडी ओढणार तोच शेजारच्या बाकड्यावर बसलेले धोतरातले एक म्हातारे गृहस्थ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत उठले.

"काहून जी, तुम्ही महालातले का?"

मी मान हलवली.

"अरे बापा! मी यात्रेच्या बशीत होतो ना तुमच्या माय संगं. घाटावर तुमचा फोटो पाह्यला. लग्नातला. फेटा होता तुम्हाले." मग त्यांची नजर सिगारेटवर गेली. त्यांनी ती अलगद माझ्या ओठांतून काढली, पानवाल्याच्या पेटीवर परत ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "फार रडली हो बाई तिथं."

मी तसाच बसमध्ये बसलो. नागपूर येईपर्यंत माझा राग आईवर होता, म्हाताऱ्यावर होता, यात्रा कंपनीवर होता. जगात फेट्यातले एवढे नवरदेव, आणि माझाच फोटो घाटावर फिरवायचा? घरी आलो तेव्हा आई पाटावर बसून वाती वळत होती. मी दारातूनच ओरडलो, "काशीला माझा फोटो कशाला नेला होतास? आणि रडायला काय झालं होतं?"

आईनं हातातली वात पुरी वळली. "तुले कोणं सांगितलं?"

"कामठीचा एक म्हातारा भेटला."

कामठीला काय काम होतं, हे तिनं विचारलं नाही. ती खाली बघत म्हणाली, "फोटो तर प्रवासात जवळ असावा म्हून नेला होता. पण त्या पंड्यानं विचारलं, सबसे प्यारी चीज क्या है? मी फोटो दाखवला. तो म्हणे, माताजी, फिर इसको छोडना पडेगा." आईनं वर पाहिलं. "तुले कशी सोडू रे? तिथं बसून रडत राहिली. मागची लाइन ओरडून राहिली. मंग मी म्हटलं, महाराज, हा राहू द्या मले, याच्या तोंडातली घ्या."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि एवढा थोरला बाप्या माणूस हुंदके देऊन रडायला लागलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "आता तोंड उघड. कामठीचा वास पाहू दे."