बुडातून निघालेला फोक

कामरगावात भागिरथाबाईंच्या अंगणात गुलाबाचं एकच झाड, पण त्याचा तोरा मोठा. लांब दांडी, दांडीला एकच फूल, वाटीएवढं, ओल्या कुंकवासारखं लाल. झाड मात्र बाईंचं नव्हे, त्यांच्या मालकांचं. उदयसिंग एस.टी.त ड्रायव्हर होते. कारंज्याच्या नर्सरीतून ते कलम त्यांनीच सीटमागे जपून आणलेलं. दसरा झाला की छाटणीही तेच करत. बाईंनी हात लावला तर म्हणायचे, "तू देव पाह्य, मी झाड पाह्यतो."

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून बाई रोज सकाळी त्यांना झाडासमोर खुर्चीत बसवत. उमललेलं फूल आधी त्यांच्या हाताला लावत, मग देव्हाऱ्यात वाहत. झाडाला फूल येतंय तोवर माणूस सुधारेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. देवाला तसं सांगूनही ठेवलं होतं.

पावसाळ्यात झाडाच्या बुडातून एक फोक निघाला. हिरवागार, सरळ, महिनाभरात कमरेएवढा झाला. शेजारची सुकेशनी म्हणाली, "काकू, तुमच्या हाताले गुण हाय वो!" बाई हरखल्या. उदयसिंग मात्र डावा हात बुडाकडे करून "अं, अं" करत राहायचे.

"पानी पाह्यजे त्याले? देतो ना. घाई कायची करता?" बाई बादली ओतत. पुन्हा हात, पुन्हा बादली. एके दिवशी ते रडले. बाईंना वाटलं, बसून बसून पाठ दुखली असेल.

फोक डोक्यावर गेला आणि जुन्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत आल्या. कार्तिकात फूल आलंच नाही. शेवटी नर्सरीवाल्या फुरकानभाईला बोलावलं.

"काकी, हा तं जंगली हाय."

"जंगली कसा? याच बुडातून निंघाला."

"बूड जंगलीचंच असते. त्याच्यावर लाल गुलाबाचा डोळा बांधतात. खालून फुटलं का लगेच मोडा लागते, नाही तं सारा जोर तोच खाते. पाहा, याले सात-सात पानं. तुमच्या लालाले पाच रायते." त्यानं काळी फांदी नखानं खरवडली, अगदी जोडापर्यंत. आत हिरवं काही नव्हतं.

"काही औषध?"

"नाही काकी. दुसरं कलम देतो."

बाई उदयसिंगांकडे वळल्या. "अवो, तुमी हेच सांगून राह्यले होते?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हा कापू का मंग?" फुरकानभाईनं कात्री काढली. कापला तर अंगणात झाड उरत नव्हतं, ठेवला तर रोज तोच डोळ्यांपुढे. "यायलेच इचार," बाई म्हणाल्या.

फुरकानभाई खुर्चीजवळ वाकला, दोनदा विचारलं. उदयसिंगांनी डोळे उघडलेच नाहीत. गाडीची वेळ झाली तशी त्यानं कात्री पिशवीत टाकली आणि तो निघाला.