जामखेडच्या आजींची वाकळ

सुरतेकडं प्लेग आल्याची बातमी आली आणि नगरात ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल आला. मी तेव्हा सावेडीतल्या एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करायचे. तिथं राहणाऱ्या जामखेडच्या आजी दम्यानं घुसमटल्या, म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. प्लेगबिग काही नाही, जुना दमाच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि बरं वाटल्यावर त्यांना परत धाडलं.

पण फाटक उघडेना. व्यवस्थापक आतूनच म्हणाले, बाकीच्यांच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर आहे, साथ सरेपर्यंत पुतण्याकडं राहा. अहो, ज्या पुतण्यानं इथं आणून टाकलं तो काय दारात उभं करणार होता? माझं डोकंच फिरलं. पण भ्यायले होते ते सगळेच. ओसरीवरची म्हातारी माणसं माना खाली घालून बसली होती. रिक्षावाला तर पिशवी ठेवून केव्हाच पसार झाला होता.

आजी उन्हात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी पाव्हनी न्हाई, सायेब. हितं ऱ्हाते मी."

त्यांच्या खोलीतल्या दुसऱ्या आजी उठल्या. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघींचं रोज वाजायचं. त्या स्वयंपाकघरात आल्या, माझ्या टोपलीतून भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन गेल्या, फाटकाची कडी काढली. जामखेडच्या आजींवरून तुकडा ओवाळून रस्त्यावर टाकला, पायांवर पाणी घातलं. दवाखान्यातून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा टाकल्यावर त्याला माघारी कोण लावणार? व्यवस्थापक बाजूला झाले.

जिंकलो, असं मला वाटलं. पण आजी खोलीकडं निघाल्या आणि मी त्यांच्या मागं धावले. त्यांना नेलं त्याच दिवशी व्यवस्थापकांनी त्यांचं अंथरूण परसात पेटवून दिलं होतं. मी भांडले, पण ऐकतो कोण! त्यात त्यांच्या लेकीनं शिवलेली वाकळ होती. लेक केव्हाच गेली होती.

खाटेच्या नुसत्या लोखंडी पट्ट्या होत्या. आजींनी त्यांच्यावरून हात फिरवला. मला भीतभीत सांगावं लागलं, जाळलं म्हणून.

"मेलेल्या मानसाचं जाळत्यात गं," त्या म्हणाल्या. "मी तर येनार हुते."

मग त्या तशाच पट्ट्यांवर आडव्या झाल्या. आम्ही आपापली पांघरुणं घेऊन धावलो. त्यांनी एकही घेतलं नाही.