बिनहाराचा टेम्पो

ती घटना आजही आठवली, की आधी हसू येतं आणि मग थोडी लाजही वाटते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापूर शहरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. शहराबाहेर हायवेच्या नाक्यावर आमचा पहिला कॅमेरा नुकताच बसला होता. उद्घाटनाला वरिष्ठ आले, नारळ फुटला, "आता चोरीची गाडी शहराबाहेर जाणार नाही" असं भाषण झालं. कॅमेऱ्याला नंबर वाचता येत नाही, एवढं मात्र भाषणात राहून गेलं. तो नुसतं चित्र साठवायचा. ते ठाण्यात आणून टीव्हीवर लावायचं आणि आमच्या हवालदारांनी चष्मा पुसत एकेक नंबर रजिस्टरला उतरवायचा. नंबर ओळखणारं यंत्र म्हणाल, तर ते हवालदारच.

त्या दिवशी खंडेनवमी होती. ठाण्यात रायफली पुसून पूजेला मांडल्या होत्या आणि पेढे वाटणं चाललं होतं. तेवढ्यात गडमुडशिंगीच्या एक बाई तावातावानं आत आल्या. गावात त्यांना आक्का म्हणत. नवरा गेल्यावर एका टेम्पोवर त्यांनी घर चालवलं होतं.

"साहेब, माझा टेम्पो गेला की वो! मंगळवार पेठेतनं गेला!"

ड्रायव्हर सकाळी टेम्पो धुऊन पेठेत आला होता. गर्दीत गाडी नेता येईना म्हणून कडेला लावली, किल्ली तशीच ठेवली आणि झेंडूचा हार आणायला गेला. परत येतो तर टेम्पो नाही. हा गडी आमच्याकडे यायचा सोडून गावाकडे पळाला आणि मालकिणीला सांगून घरी बसला. मी फिर्याद लिहून घेतली.

थोड्याच वेळात एका खबऱ्याचा फोन आला. तोच ड्रायव्हर आदल्या दिवशी सीमेपलीकडच्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याबरोबर चहा पिताना दिसला होता. झालं! माझ्या डोक्यात केस तिथंच सुटली. जीप काढली आणि गडमुडशिंगी गाठली. गावात घरोघरी ट्रॅक्टर, मोटारसायकली धुण्याचं काम चाललं होतं, सगळा गाव रस्त्यावर. त्या सगळ्यांसमोर ड्रायव्हरला दंडाला धरून जीपमध्ये बसवला. त्याची बायको दारात पाण्याची बादली घेऊन उभी होती. जीप वळेपर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. चाळिशीचा, सडसडीत, हळू बोलणारा माणूस.

"त्या व्यापाऱ्याशी काय ठरलं?"

"जुनी स्टेपनी बघत हुतो, साहेब."

"आणि किल्ली गाडीतच? मुद्दाम?"

"दोन मिंटात येतो म्हणून गेलतो."

"मग ठाण्यात का नाही आलास?"

त्यानं मान खाली घातली. "तुमचं भ्या वाटलं."

मी टेबलावर हात आपटला. तीन तास मी तेच प्रश्न फिरवून विचारले आणि तो तीच उत्तरं देत राहिला. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्टीला नवी झालर लावतो, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. इथं झालर नव्हतीच. पण खबर माझ्या मनात इतकी भरली होती, की स्वतःचीच शिकवण मी बाजूला ठेवली. वरिष्ठांचा निरोप आला होता: संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर ड्रायव्हरला अटक दाखवा.

तोवर नाक्यावरचं चित्रण आलं. हवालदारांनी टीव्ही लावला आणि आम्ही कपाळाला हात लावला. नाक्यावरच्या शिपायानं भक्तिभावानं कॅमेऱ्यालाच हार घातला होता. वरच्या कोपऱ्यात एक झेंडू सतत डुलत होता. त्याखालून जाणाऱ्या गाड्या तर विचारू नका. ट्रकला केळीचे खुंट, जीपला हार, नंबरप्लेटवर हळदीकुंकवाचे पट्टे. एक नंबर दिसेल तर शपथ.

"एक दिसला, साहेब," हवालदार म्हणाले. "एका टेम्पोचा. पण तो नंबर आपल्या फिर्यादीतला नाही. ठीक म्हणून खूण केली."

ड्रायव्हर भिंतीला टेकून बसला होता. तिथूनच तो टीव्हीकडं बघत होता.

"साहेब, ती परत दावा की. हिला हार न्हाय."

"नसेल. मग?"

"आज बिनहाराची गाडी कोण रस्त्यावर काढतंय? पूजा झाल्याबिगर चाक हलवत न्हाईत." तो उठून टीव्हीजवळ आला. "मागच्या फाळक्याची कडी तारंनं बांधलीया. मीच बांधलीया ती. साहेब, ह्यो आमचाच हाय! पाटी दुसरी लावलीया."

आम्ही न दिसणारे नंबर शोधत होतो आणि जो एकच स्वच्छ दिसला, त्याला आम्हीच पास केलं होतं. मी वायरलेसवर संदेश दिला: हार नसलेला टेम्पो थांबवा. कंट्रोल रूमनं तो तीनदा परत विचारला.

तासाभरात कागलच्या अलीकडे एका धाब्यावर टेम्पो सापडला. सजलेल्या ट्रकांच्या रांगेत तो एकटाच बोडका उभा होता आणि दोन चोर शेजारी जेवत होते. त्यांना गाडी खोलून भाग विकायचे होते, पण एकही गॅरेज उघडं नव्हतं. सगळ्यांचे पाने-पक्कड पूजेला बसले होते आणि त्या दिवशी हत्याराला कोणी हात लावत नाही.

"एवढी पाटी बदललीत, एक हार घालायला काय झालं होतं?" मी विचारलं.

त्यातला थोरला गंभीरपणे म्हणाला, "चोरीच्या गाडीची पूजा कशी करायची, साहेब? वर देव हाय की."

हवालदारांना हसू आवरेना, ते पाणी प्यायला बाहेर गेले. व्यापाऱ्याचा या दोघांशी काही संबंध निघाला नाही. पंचनामा झाला, टेम्पो मुद्देमाल म्हणून आवारात लागला. चोर कॅमेऱ्यानं पकडला, अशी बातमी आली आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

पण त्याच संध्याकाळी ड्रायव्हरला मी म्हणालो होतो, "जा आता घरी." तो जागचा हलेना. सकाळपासून ठाण्यातच बसलेल्या आक्का बाकावरून उठल्या.

"असा कसा जाईल? सगळ्यांदेखत नेलासा, सगळ्यांदेखत आणून सोडा."

बाईंचं चुकत नव्हतं. जीप पुन्हा गडमुडशिंगीला गेली. दिवस मावळायचा होता, माणसं दारात होती. ड्रायव्हरची बायको सकाळच्याच जागी उभी होती. मी खाली उतरलो, टोपी नीट केली आणि म्हणालो, "यांचा काही दोष नाही. चोर यांच्यामुळंच सापडला. सकाळी माझी चूक झाली."

गणवेशात चूक कबूल करणं मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी त्या दिवशी, त्या गल्लीत शिकलो. संशय आपण गाजावाजा करून घेतो आणि निर्दोष माणसाला मागच्या दारानं सोडतो. ही सवय कुठलाही कॅमेरा मोडणार नाही, ती आपणच मोडायची असते.

माझं बोलणं संपलं, तशी ती बायको पहिल्यांदा बोलली.

"मोठ्यानं सांगा, साहेब. तिकडच्या आळीला ऐकू गेलं न्हाय."

मी पुन्हा सांगितलं. परेडवर हुकूम देतात, त्या आवाजात.