पेजेवरचं पाणी

“पाण्याची कसली भीती गं? ठसका काय, लहान मुलालाही लागतो.”

बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, स्वयंपाकघरात आईला म्हणत होती. मी बाहेर बाबांच्या पलंगाजवळ होते. बाबांनीही ऐकलं आणि ओठांच्या एकाच बाजूने हसले. दुसरी बाजू अजून त्यांचं ऐकत नव्हती.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या गल्लीत राहायचो. बाबांना स्ट्रोक आला आणि त्यात त्यांचं गिळणं बिघडलं. पातळ काही प्यायलं की ते चुकीच्या नळीने छातीत उतरायचं. हॉस्पिटलात त्यातून एकदा न्यूमोनिया झाला होता. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा झाला तर यांना झेपणार नाही. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता एक मॅडम घरी यायच्या, गिळण्याच्या थेरपिस्ट. समोरच्या गुजराती बेननी आईला विचारलं होतं, “अरे, निगलने का भी ट्यूशन होता है क्या?” ते ऐकल्यापासून बाबा मॅडमना ‘ट्यूशनवाल्या’च म्हणायचे.

आजारपणाची आठवण हवीहवीशी वाटावी, हे जरा विचित्रच. पण आता सिल्व्हर पार्कच्या नव्या घरात बाबा साधा चहा बशीत ओतून पितात, आणि मला त्या जुन्या अकरा वाजताच्या वेळा आठवत राहतात. मॅडम चपला दाराबाहेर काढायच्या, हात धुवायच्या आणि थेट बाबांसमोर स्टूल ओढायच्या. दोन बोटं त्यांच्या गळ्यावर हलकेच टेकवायच्या. “काका, हनुवटी खाली. गिळा. परत गिळा. आता ‘आ’ करा.” आवाज कोरडा आला तर पुढचा चमचा. गुळणी केल्यासारखा ओला आला तर थांबायचं. पाणी, चहा, ताक, सगळं एक पावडर घालून मधासारखं घट्ट करायचं.

“हा चहा नाही, लापशी आहे,” बाबा अडखळत म्हणायचे.

“मग साखरेची तक्रार काकूंकडे करा, घट्टपणाची माझ्याकडे.”

मॅडमची फाइल इंग्लिशमध्ये होती, म्हणून ती माझ्याकडे आली. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. नातेवाइकांसमोर बोलताना मी आधी मराठी वाक्य मनात लावून बघायचे, आणि ते जमेपर्यंत विषय बदललेला असायचा. फाइल भरताना बोलावं लागत नव्हतं. किती चमचे, ठसका किती वेळा, ‘आ’ कसा. तिसऱ्या आठवड्यात मॅडम अचानक म्हणाल्या, “आज मी नाही सांगणार. तू ऐक आणि सांग, ओला की कोरडा.” मी सांगितलं. बरोबर निघालं. दिवसभर मी त्या खुशीत होते आणि कोणाला काही बोलले नाही.

आणि मग रत्नागिरीहून आत्या आली, उकड्या तांदळांची पिशवी घेऊन. ती बाबांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आजी शेतावर जायची तेव्हा बाबांना कडेवर घेऊन फिरणारी तीच. आमच्याकडे आजारी माणसाला पेज देतात, आणि फारच अशक्त असेल तर पेजेवरचं नुसतं पाणी. जितकं पातळ तितकं हलकं. मॅडमचं सांगणं नेमकं उलटं होतं. आईने आत्याला दोनदा समजावलं. आत्या दोन्ही वेळा “हो हो” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई औषधं आणायला खाली गेली. मी आंघोळ करून बाहेर आले, तर आत्या पलंगावर बसलेली, मांडीवर वाटी, बाबांच्या गळ्याशी टॉवेल. वाटीत वरचं पाणीच होतं, पांढरट, मीठ घातलेलं. बाबांनी आधीच तोंड उघडलं होतं. मॅडमसमोर ते असे कधी बसले नाहीत. आत्यासमोर ते पाच वर्षांचे झाले होते.

“घे रे सोन्या. पावडरी खाऊन कोण बरं झालंय?”

एक चमचा. दुसरा. आत्याचे डोळे भरून आले होते, आणि मी दारात वाक्य लावत उभी. ‘प्लीज’ म्हणावं तर परकं वाटेल. मॅडमचं नाव काढावं तर तिला वाटेल, भावाला भरवायला आता बाहेरच्या बाईची परवानगी हवी. बाबा खोकले. मोठा ठसका नव्हता तो, नुसतं खाकरणं.

“बघ, काही होत नाही,” आत्या मला म्हणाली आणि तिसरा चमचा भरला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि कोणी न सांगता, सवयीने ‘आ’ केलं. आवाज ओला होता. आत्याला त्यात वेगळं काही ऐकू आलं नाही. मला आलं.

मी तिचं मनगट धरलं.

“आत्या, थांब. ते पाणी त्यांच्या छातीत जातंय. आधी त्यांना खोकू दे. मी खालचा भात घोटून घट्ट करून आणते, मग तूच भरव. पण पुढचा चमचा कधी द्यायचा, ते मी सांगणार.”